‘डाउट’ म्हणावं की ‘सस्पेक्ट’?

प्रश्न : मी एका कारखान्याच्या देखभाल विभागात काम करते. परदेशातल्या तांत्रिक गटाशी आमचा पत्रव्यवहार इंग्रजीतून चालतो. परवा एका व्हॉल्व्हखाली तेलाचा ओघळ दिसला म्हणून मी त्यांना लिहिलं, ‘आय डाउट द व्हॉल्व्ह इज लीकिंग.’ त्यांनी आभार मानले आणि तपासणीच्या यादीतून तो व्हॉल्व्हच काढून टाकला! सहकारी म्हणतो, इथे ‘सस्पेक्ट’ हवं होतं. शब्दकोश उघडला तर दोन्ही शब्दांपुढे ‘शंका, संशय’ हेच लिहिलेलं. मग फरक नेमका कशात आहे? आणि मीटिंगमध्ये मी ‘आय हॅव अ डाउट’ म्हटलं की पलीकडचे लोक एकदम सावध होतात. तिथेही माझं काही चुकतं का?

उत्तर : आधी व्हॉल्व्हचं बघू. तो अजून तपासला गेला नसेल तर पुढचं वाचण्याआधी त्या गटाला एवढंच कळवा : ‘करेक्शन टु माय अर्लियर मेसेज : आय थिंक द व्हॉल्व्ह इज लीकिंग. देअर इज ऑइल अंडर इट. प्लीज पुट इट बॅक ऑन द लिस्ट.’ शब्द कसा चुकला याचं स्पष्टीकरण त्यात घालू नका. वाचणाऱ्याला व्हॉल्व्ह गळतोय की नाही एवढंच हवं असतं आणि ते पहिल्या ओळीत मिळायला हवं. या निरोपात ‘डाउट’ही नाही आणि ‘सस्पेक्ट’ही नाही, हे मुद्दाम केलं आहे. कारण पुढे येईलच.

तुमच्या सहकाऱ्याचं बरोबर आहे. तुम्ही लिहिलेल्या वाक्याचा इंग्रजी वाचकाला लागलेला अर्थ असा : ‘व्हॉल्व्ह गळत असेल असं मला वाटत नाही.’ त्यामुळे यादीतून नाव काढणाऱ्यांनी काही निष्काळजीपणा केला नाही, तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला. तुम्हाला म्हणायचं होतं त्याच्या बरोबर उलट निरोप पोचला, आणि वाक्य व्याकरणात चोख असल्यामुळे कुणाला काही खटकलंही नाही. व्याकरणाची चूक असती तर एखाद्याने निदान फिरून विचारलं असतं. ‘डाउट’ची चूक म्हणूनच वाईट. ती दिसत नाही.

फरक असा आहे. ‘डाउट’च्या पुढे जी गोष्ट येते ती बहुधा खरी नसावी, असं बोलणाऱ्याला वाटतं. ‘सस्पेक्ट’च्या पुढे जी गोष्ट येते ती बहुधा खरी असावी, असं त्याला वाटतं. पुरावा दोन्हीकडे अपुराच असतो, खात्री दोन्हीकडे नसते. म्हणूनच शब्दकोश दोघांना एका ओळीत बसवतो. पण मनाचं पारडं कुठे झुकलंय ते इंग्रजीत क्रियापदच सांगून टाकतं. आपली ‘शंका’ ते सांगत नाही.

मराठीतली ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. ‘तो खोटं बोलतोय अशी मला शंका आहे.’ ‘तो खरं बोलतोय का, याबद्दल मला शंका आहे.’ दोन्हींत ‘शंका’ आहे आणि दोन्हींचा रोख एकच आहे, की तो खोटं बोलत असावा. पण पहिल्या वाक्यात शंकेला जोडून आलेली गोष्ट आपल्याला खरी वाटते, दुसऱ्यात जोडून आलेली गोष्ट खरी वाटत नाही. हा फरक आपण ‘अशी शंका’ आणि ‘का, याबद्दल शंका’ या बांधणीतून दाखवतो. ऐकणाराही नकळत तोच धागा पकडतो. इंग्रजीत जाताना आपण ‘शंका’ उचलतो आणि बांधणी मागेच राहते. पहिल्या वाक्याला इंग्रजीत ‘आय सस्पेक्ट ही इज लाइंग’ म्हणावं लागतं, दुसऱ्याला ‘आय डाउट ही इज टेलिंग द ट्रुथ’.

यातून एक कामाची खूण मिळते. तुमचं मराठी वाक्य मनात नीट म्हणून पाहा. त्यात ‘अशी शंका आहे’, ‘असा संशय आहे’, ‘शंका येतेय की’, ‘-वर संशय आहे’ असं काही असेल तर इंग्रजीत बहुतेक वेळा ‘सस्पेक्ट’ लागेल. ‘-बद्दल शंका आहे’, ‘होईल का, शंकाच आहे’, ‘की नाही याची शंका वाटते’ असं असेल तर ‘डाउट’. ‘शंकाच’ मधला तो ‘च’ तर जवळजवळ नेहमी ‘डाउट’कडे नेतो. ‘तो वेळेवर येईल का, शंकाच आहे’ म्हणणाऱ्याने तो येणार नाही असं मनाशी धरलेलंच असतं.

खूण विसरायला झाली तर अदलाबदलीची कसोटी आहे आणि ती सहसा फसत नाही. तुमच्या इंग्रजी वाक्यात ‘डाउट’ काढून त्या जागी ‘डोन्ट थिंक’ घाला, ‘सस्पेक्ट’ काढून ‘थिंक’ घाला, आणि वाक्य पुन्हा वाचा. ‘आय डोन्ट थिंक द व्हॉल्व्ह इज लीकिंग.’ हे वाचताक्षणी तुम्ही थबकला असता. पाठवण्याआधी दहा सेकंदांचं काम आहे. ज्या निरोपावर कुणी प्रत्यक्ष काही कृती करणार आहे, तिथे ते दर वेळी करा.

आता नकार. इथे मराठी माणूस सगळ्यात जास्त अडकतो, म्हणून जरा थांबून पाहू. ‘साहेब आज येणार नाहीत अशी मला शंका आहे.’ याचं शब्दाला शब्द इंग्रजी केलं तर होतं, ‘आय डाउट द बॉस वोन्ट कम टुडे.’ आता कसोटी लावा : ‘आय डोन्ट थिंक द बॉस वोन्ट कम.’ म्हणजे न येण्याची शक्यता वाटत नाही, म्हणजे येतीलच! पुन्हा अर्थ उलटा. इथे दोन वाटा आहेत. क्रियापद बदला आणि नकार तसाच ठेवा : ‘आय सस्पेक्ट द बॉस वोन्ट कम.’ किंवा ‘डाउट’ ठेवा आणि नकार काढा : ‘आय डाउट द बॉस विल कम.’ दोन्ही बरोबर, दोन्हींचा रोख एकच. ‘डाउट’च्या पोटात नकार आधीच आहे. त्यात आणखी एक घातला की दोन नकार एकमेकांना खाऊन टाकतात.

‘डाउट’च्या पोटात नकार आहे ही नुसती समजावण्याची रीत नाही, इंग्रजीचं व्याकरणही त्याला तसंच वागवतं. नकारार्थी वाक्यात येणारे ‘एनी’, ‘एनीवन’, ‘एव्हर’ हे शब्द ‘डाउट’नंतर सहज येतात. ‘आय डाउट एनीवन विल नोटिस.’ ‘आय डाउट ही हॅज एव्हर सीन द ड्रॉइंग.’ ‘आय डाउट इट विल मेक एनी डिफरन्स.’ वाक्यात ‘नॉट’ कुठेच नाही, तरी ‘एनी’ चालतो. ‘सस्पेक्ट’नंतर मात्र होकारार्थी वाक्यातले शब्द लागतात : ‘आय सस्पेक्ट समवन हॅज नोटिस्ड.’ तिथे ‘एनीवन’ घातलात तर इंग्रजी कानाला ते खडबडीत लागेल. म्हणजे लिहिताना हात आपोआप ‘एनी’कडे गेला तर जागा ‘डाउट’ची आहे आणि ‘सम’कडे गेला तर ‘सस्पेक्ट’ची.

क्रियापदालाच ‘नॉट’ लावलं की चित्र पुन्हा बदलतं. ‘आय डोन्ट डाउट दॅट शी इज राइट’ म्हणजे तिचं बरोबर आहे यात मला शंका नाही, जवळजवळ खात्रीच. याउलट ‘आय डिडन्ट सस्पेक्ट एनीथिंग’ म्हणजे मला कसलाच संशय आला नाही, माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. एकात ठाम भरवसा, दुसऱ्यात साफ अनभिज्ञता. मराठीत दोन्हींना ‘शंका नव्हती’ म्हणता येतं, म्हणून इथेही जपा. ‘पंप बिघडलाय यात मला शंका नव्हती’ आणि ‘पंप बिघडला असेल अशी मला शंकाही आली नव्हती’ ही दोन अगदी वेगळी विधानं आहेत. अपघाताच्या किंवा बिघाडाच्या अहवालात यांची गल्लत झाली तर जबाबदारी कुणावर येते तेच बदलून जातं.

दोन्ही शब्दांचं अंतर सगळ्यात स्वच्छ दिसतं ते कोर्टात, आणि गंमत म्हणजे तिथली मराठी दोघांनाही ‘संशय’च म्हणते. पोलीस ज्याला ‘संशयित’ म्हणून ताब्यात घेतात तो इंग्रजीत ‘सस्पेक्ट’. गुन्हा त्याने केला असावा असं वाटतंय, म्हणून हा संशय त्याच्या विरुद्ध जातो. पुढे खटल्यात पुरावा कमी पडला तर त्याला ‘संशयाचा फायदा’ मिळतो, तो ‘बेनिफिट ऑफ द डाउट’. गुन्हा त्यानेच केला हे पटत नाही, म्हणून हा संशय त्याच्या बाजूने उभा राहतो. म्हणजे एका संशयाने माणूस आत जातो आणि दुसऱ्या संशयाने बाहेर येतो. गुन्हा ‘बियाँड रीझनेबल डाउट’, म्हणजे वाजवी संशयापलीकडे, सिद्ध व्हावा लागतो तो याच दुसऱ्या अर्थाने. बातमीचं भाषांतर करणाऱ्यांनी हे जोडशब्द आहेत तसेच पाठ करून ठेवावेत. तुकडे करून भाषांतर करायला गेलं की ‘बेनिफिट ऑफ सस्पिशन’ असलं काहीतरी निघतं आणि त्याला अर्थच उरत नाही.

दवाखान्यातही असंच. ‘द डॉक्टर सस्पेक्ट्स अ फ्रॅक्चर’ म्हणजे हाड मोडलं असावं, एक्स-रे काढा. ‘द डॉक्टर डाउट्स दॅट इट इज अ फ्रॅक्चर’ म्हणजे हाड मोडलेलं दिसत नाही, बहुधा मुका मार आहे. अहवालात ‘सस्पेक्टेड केस’ लिहिलेलं असेल तर तो आजार झाला असावा असं धरून पुढच्या तपासण्या होतात. घरच्यांना फोनवर सांगताना ‘डॉक्टरांना डाउट आहे’ असं आपण सर्रास म्हणतो. मराठीत ते चालून जातं, कारण ऐकणारा आजाराचं नाव ऐकून अर्थ लावतो. तेच वाक्य इंग्रजीत लिहून विमा कंपनीला किंवा दुसऱ्या गावच्या डॉक्टरला पाठवू नका.

आतापर्यंतची वाक्यं ‘दॅट’ जोडता येईल अशी होती. क्रियापदापुढे नुसतं नाम आलं तर थोडं वेगळं बघावं लागतं. ‘सस्पेक्ट’पुढे दोषाचं, बिघाडाचं किंवा गुन्ह्याचं नाव आलं तर ते आहे असं वाटतं : ‘सस्पेक्ट अ लीक’, ‘सस्पेक्ट फ्रॉड’. ‘डाउट’पुढे सहसा भरवशाची गोष्ट येते आणि त्या भरवशाला तडा गेलाय असा अर्थ होतो : ‘डाउट हिज वर्ड’, ‘डाउट द फिगर्स’. माणूस आला तर ‘आय डाउट हिम’ म्हणजे त्याच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही, आणि ‘आय सस्पेक्ट हिम’ म्हणजे हे त्यानेच केलं असावं. दुसरं बरंच जड आहे, तो आरोप आहे. ते कुणाविषयी लेखी वापरताना दोनदा विचार करा.

इथे एक अपवाद आहे, आणि तो माहीत नसेल तर वर सांगितलेलं सगळं डळमळीत वाटू लागेल. ‘आय सस्पेक्ट हिज मोटिव्ह्ज’ किंवा ‘आय सस्पेक्ट हर सिन्सिरिटी’ अशा वाक्यांत ‘सस्पेक्ट’चा अर्थ अविश्वास असाच होतो, म्हणजे तो ‘डाउट’च्या अगदी जवळ येऊन बसतो. हेतू, प्रामाणिकपणा, सच्चेपणा अशी नामं पुढे असली की असं होतं. ‘दॅट’ जोडलेल्या वाक्यात मात्र ही सरमिसळ होत नाही. म्हणून पक्कं होईपर्यंत दोन्ही क्रियापदं पूर्ण वाक्य जोडूनच वापरावीत, नुसत्या नामाबरोबर वापरू नयेत. वाक्य लांबेल, पण अर्थ हलणार नाही.

जोडशब्दांचंही सांगायला हवं. ‘डाउट’नंतर ‘दॅट’, ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ यांपैकी काहीही येतं, किंवा काहीच येत नाही. ‘व्हेदर’ लिखाणात जास्त, ‘इफ’ बोलण्यात. पण ‘डोन्ट डाउट’ झालं की फक्त ‘दॅट’, कारण आता खात्री आहे आणि ‘की नाही’ला जागा उरली नाही. ‘सस्पेक्ट’ला ‘दॅट’ चालतं किंवा काहीच नाही. ‘आय सस्पेक्ट व्हेदर’ हे इंग्रजी नव्हे. माणसावर अमुक गोष्टीचा संशय असेल तर ‘सस्पेक्ट हिम ऑफ’ आणि पुढे ‘-इंग’वालं रूप : ‘दे सस्पेक्ट हिम ऑफ टेकिंग द कीज.’ इथे ‘फॉर’ नाही आणि ‘ऑन’ही नाही. ‘त्याच्यावर संशय’ मधल्या ‘वर’मुळे ‘सस्पेक्ट ऑन हिम’, ‘डाउट ऑन हिम’ ही रूपं आपल्याकडे फार ऐकू येतात. दोन्ही टाळा. ‘अबाउट’ क्रियापदाला नको, नामाला हवं : ‘आय डाउट द रिपोर्ट’, पण ‘आय हॅव डाउट्स अबाउट द रिपोर्ट’.

‘मला शंका येतेय’ यातल्या ‘येतेय’मुळे ‘आय अ‍ॅम डाउटिंग’, ‘आय अ‍ॅम सस्पेक्टिंग’ असं लिहिण्याचा मोह होतो. ही मनाच्या स्थितीची क्रियापदं आहेत, चालू काळात सहसा येत नाहीत. साधं ‘आय डाउट’, ‘आय सस्पेक्ट’ पुरतं.

छोट्या उत्तरांत सवयीचा भाग जास्त आहे. ‘पाऊस पडेल का?’ याला ‘आय डाउट इट’ म्हणजे ‘नाही वाटत’. ‘आय सस्पेक्ट सो’ म्हणजे ‘पडेल बहुतेक’, ‘आय सस्पेक्ट नॉट’ म्हणजे ‘नाही पडणार बहुतेक’. ‘आय डाउट सो’ असं कुणी म्हणत नाही. आणि ‘नो डाउट’ने फसू नका. शब्दशः ‘शंकाच नाही’ असला तरी रोजच्या बोलण्यात तो पुष्कळदा ‘असेलही’, ‘बहुधा’ एवढाच हलका असतो, आणि मागोमाग ‘बट’ येतो : ‘नो डाउट यू आर बिझी, बट...’ पूर्ण खात्री दाखवायची असेल तर ‘देअर इज नो डाउट दॅट’ असं पूर्ण लिहा किंवा ‘विदाउट डाउट’ म्हणा.

‘सस्पेक्ट’ म्हणजे संशय आणि संशय म्हणजे वाईटच, असं मनात बसल्यामुळे हा शब्द पुष्कळ जण वापरायलाच कचरतात आणि सगळीकडे ‘डाउट’ घालतात. तुमच्या बाबतीतही तेच झालं असावं. खरं तर ‘दॅट’बरोबर आलेला ‘सस्पेक्ट’ बराच सौम्य असतो. ‘आय सस्पेक्ट यू आर राइट’ म्हणजे ‘तुमचंच बरोबर असावं’. ‘आय सस्पेक्ट शी विल लाइक इट’ म्हणजे ‘तिला आवडेल असा माझा अंदाज आहे’. यात कुणावर कसलाही ठपका नाही. मराठीतल्या ‘बहुतेक’, ‘असावं’, ‘वाटतं खरं’ या छटा इंग्रजीत न्यायला हा शब्द छान आहे. ठपका येतो तो पुढे माणूस किंवा दोष आला की.

याच घरातल्या विशेषणांकडे धावती नजर टाकू. ‘सस्पिशस’ दोन्ही बाजूंनी चालतं. ‘अ सस्पिशस मॅन’ म्हणजे संशयास्पद माणूस, आणि ‘ही इज सस्पिशस ऑफ मी’ म्हणजे तो माझ्याकडे संशयाने पाहतो. ‘डाउटफुल’चंही तसंच, माणूसही ‘डाउटफुल’ असतो आणि गोष्टही. ‘सस्पेक्टेड लीक’ म्हणजे जिथे गळती असावी असं वाटतं ती जागा, तुमच्या यादीच्या रकान्यात हाच शब्द हवा. नुसतं ‘सस्पेक्ट’ विशेषण म्हणून आलं तर भरवसा नसलेली वस्तू : ‘द वायरिंग इज सस्पेक्ट.’ विशेषण आणि नाम असताना जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असताना दुसऱ्यावर, फोनवर बोलताना हे उपयोगी पडतं. नाम ‘सस्पिशन’, ‘सस्पेक्शन’ नाही.

‘डाउट’च्या स्पेलिंगमध्ये ‘बी’ आहे पण उच्चारात नाही. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हता. मूळ लॅटिन शब्दात तो होता म्हणून विद्वानांनी लिहिताना परत घातला, बोलणाऱ्यांनी मात्र तो कधीच स्वीकारला नाही. त्या लॅटिन शब्दाचं नातं ‘दोन’शी आहे, मन दोन्हीकडे असणं, आपण ज्याला मन द्विधा होणं म्हणतो तेच. ‘सस्पेक्ट’च्या मुळाशी पाहणं आहे, खालून नजर वर करून, अविश्वासाने पाहणं. एकेकाळी इंग्रजीतही ‘डाउट’चा अर्थ ‘असं असावं अशी भीती वाटते’ असा होत असे. स्कॉटलंडच्या बोलीत तो अजून टिकून आहे. तिथे कुणी पावसाबद्दल ‘आय डाउट’ म्हटलं तर छत्री घ्यावी. म्हणजे तुम्ही वापरलेला अर्थ जगात अगदीच नव्हता असं नाही. पण आजच्या प्रमाण इंग्रजीत कुणी तो धरणार नाही.

आता हात बसवायला थोडा सराव. मराठी वाक्य वाचून उत्तर झाका, आधी स्वतः करा. ‘एवढ्या वेळात काम होईल का, शंकाच आहे’ : ‘आय डाउट वी कॅन फिनिश इन टाइम.’ ‘माझा पासवर्ड कुणीतरी वापरलाय असा संशय येतोय’ : ‘आय सस्पेक्ट समवन हॅज यूज्ड माय पासवर्ड.’ ‘या आकड्यांबद्दल मला शंका आहे’ : ‘आय हॅव डाउट्स अबाउट दीज फिगर्स.’ ‘फाइल पोचलीच नाही अशी शंका आहे’ : ‘आय सस्पेक्ट द फाइल नेव्हर अराइव्ह्ड.’ इथे ‘डाउट’ घातलात तर फाइल पोचली असं म्हटल्यासारखं होईल. ‘ती खरं सांगतेय यात शंका नाही’ : ‘आय डोन्ट डाउट दॅट शी इज टेलिंग द ट्रुथ.’ चौथ्या वाक्यात चूक झाली तर नकाराचा परिच्छेद पुन्हा वाचा, बाकीचं आपोआप बसेल.

पहिल्या निरोपात मी दोन्ही शब्द का टाळले, ते आता. कामाच्या ठिकाणी, विशेषतः यंत्र, औषध, वीज किंवा पैसा यांविषयी लिहिताना, वाचणारा घाईत असतो आणि इंग्रजी त्याचीही मातृभाषा नसण्याची शक्यता असते. तुम्ही ‘डाउट’ अगदी अचूक वापरलात तरी तो तुमच्यासारखाच ‘शंका’ असा अर्थ लावू शकतो, मग चूक उलट्या बाजूने होईल. म्हणून अशा निरोपात तीन गोष्टी या क्रमाने लिहा : काय दिसलं, त्यावरून काय वाटतं, पुढे काय करावं. ‘देअर इज ऑइल अंडर व्हॉल्व्ह सेव्हन. आय थिंक इट इज लीकिंग. प्लीज इन्स्पेक्ट इट बिफोर द नेक्स्ट शिफ्ट.’ व्हॉल्व्हचा क्रमांक आणि वेळ तुमची घाला. वाटण्याचं वाक्य चुकूनमाकून बिघडलं तरी तेलाचा ओघळ आणि तपासणीची विनंती वाचणाऱ्याला थांबवतील. तुमच्या मूळ निरोपात ओघळाचा उल्लेखच नव्हता, वाटण्याचं वाक्य एकटं होतं. माझ्या मते शब्दाइतकीच ही उणीव महागात पडली.

राहिला मीटिंगचा प्रश्न. शाळेत शिक्षकांना ‘शंका विचारणं’ आणि ‘डाउट विचारणं’ आपल्याकडे एकच झालं आहे, आणि भारतात ‘आय हॅव अ डाउट’ म्हणजे ‘मला एक प्रश्न आहे’ हे सगळ्यांना कळतं. आपापसांत ते खुशाल म्हणा. पण भारताबाहेरच्या बहुतेक लोकांना त्यात प्रश्न ऐकू येत नाही, अविश्वास ऐकू येतो. कुणी आराखडा मांडत असताना तुम्ही हे म्हटलंत की त्याला वाटतं, माझं म्हणणं हिला पटलेलं नाही. सावध होतात ते म्हणून. नुसतं समजलं नसेल तर ‘आय हॅव अ क्वेश्चन’ किंवा ‘कुड यू एक्स्प्लेन दॅट पार्ट अगेन?’ म्हणा. पत्राच्या शेवटी ‘इफ यू हॅव एनी डाउट्स’ ऐवजी ‘इफ यू हॅव एनी क्वेश्चन्स’ लिहा. आणि खरोखरच आराखडा चालेल असं वाटत नसेल, आकडे जुळत नसतील, तेव्हा मात्र ‘आय हॅव सम डाउट्स अबाउट धिस’ हेच म्हणा आणि पाठोपाठ कारण द्या. तेव्हा ते सावध झाले तर व्हायलाच हवेत.